भाऊ, शिलाई आधी की माप घेतल्यावर? मॅनेज्ड कोडचा मशीन कोड नेमका होतो तरी कधी

नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या एका होलसेल दुकानात माझं बिलिंगचं सॉफ्टवेअर चालते. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस तिथे काउंटरपाशी पाय ठेवायला जागा राहत नाही. मागच्या सीझनला दुकानाच्या काकांचा फोन आला, "भाऊ, बिल निघून राहिलं पण लय टाइम लावून राहिलं, गिऱ्हाईक ताटकळते." मी गेलो, काउंटरमागे स्टुलावर बसलो आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावून पाहिलं. बटण दाबल्यापासून प्रिंटरची पट्टी सरकेपर्यंत पावणेदोन सेकंद जात होते. ऐकायला हे काहीच नाही, पण दिवसाला तीनशे बिलं काढणाऱ्या पोराला विचारून पाहा, प्रत्येक बिलाला तो प्रिंटरकडे पाहत हात धरून बसतो आणि तेवढ्यात समोरचा म्हणतो काय झालं, बंद पडलं का.

रचना अशी होती की मेन प्रोग्राम सकाळी एकदा उघडतो आणि रात्री दुकान बंद होईपर्यंत चालतो, पण प्रिंट काढायला मी एक वेगळी छोटी एक्सई, म्हणजे स्वतंत्र चालणारी प्रोग्रामची फाइल, केली होती, कारण थर्मल प्रिंटर मधेच अडकला की तो सगळं सॉफ्टवेअर अडकवून ठेवायचा. म्हणजे प्रत्येक बिलाला ही छोटी एक्सई नव्याने चालू होते, एक पट्टी छापते आणि मरते. दोन्ही प्रोग्राम सी शार्प ह्या भाषेत, दोन्ही डॉटनेटवर, म्हणजे हा कोड चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेवर (अशा यंत्रणेच्या म्हणजे रनटाइमच्या देखरेखीत चालतो तो मॅनेज्ड कोड), पण एकाला ज्या गोष्टीचा काहीच त्रास नव्हता त्याच गोष्टीने दुसऱ्याचा जीव घेतला होता. ती गोष्ट समजली की हा सगळा विषय समजतो, म्हणून इथे जरा निवांत सांगतो.

आपण सी शार्पमध्ये लिहितो आणि बिल्ड मारतो तेव्हा बहुतेक पोरांना वाटते की झाला मशीन कोड तयार. नाही होत. तयार होते ते आयएल, म्हणजे मधली भाषा, जी कुठल्याच प्रोसेसरची नाही. एकदम छोटं उदाहरण घेऊ, दोन आकडे घेऊन बेरीज परत देणारी एक स्टॅटिक मेथड, मेथड म्हणजे नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा. रिलीज बिल्डमध्ये तिची आयएल बॉडी फक्त चार बाइटची राहते, ०२ ०३ ५८ २ए. पहिला बाइट म्हणतो पहिला आकडा ढिगावर ठेव, दुसरा म्हणतो दुसरा आकडा त्याच्यावर ठेव, तिसरा म्हणतो वरचे दोन उचल, बेरीज कर आणि परत ढिगावर ठेव, चौथा म्हणतो जे वर आहे ते घेऊन परत जा. इंटेलच्या चिपला यातलं काही समजत नाही, अशी बेरीज ती ढिगावर करत नाही, तिथे त्यासाठी रजिस्टर, म्हणजे चिपच्या आतले आकडे ठेवायचे छोटे कप्पे, राहतात. विंडोजवर ६४ बिटमध्ये पहिला आकडा आरसीएक्समध्ये येतो, दुसरा आरडीएक्समध्ये. आता ह्याच मेथडचा ऑप्टिमाइझ केलेला मशीन कोड पाहा, ८डी ०४ ११ सी३. ह्यातले पहिले तीन बाइट मिळून एकच सूचना आहे की हे दोन रजिस्टर जोड आणि उत्तर ईएएक्समध्ये टाक, शेवटचा सी३ म्हणजे परत जा. हे पण चारच बाइट, योगायोग आहे, पण मला हे पहिल्यांदा समोरासमोर दिसलं तेव्हा खूप बरं वाटलं होतं, एक चार बाइट कुठेही न्या पण स्वतःहून चालत नाहीत, दुसरे चार बाइट चालतात पण फक्त त्याच जातीच्या चिपवर. मोबाइलच्या एआरएम चिपला हे दुसरे चार दिले तर ती ते ओळखणार पण नाही.

ह्या पहिल्या चारचे दुसरे चार करणं म्हणजे नेटिव्ह कंपाइल करणं. हे काम तर करावंच लागते, त्यातून सुटका नाही, प्रश्न एवढाच की ते करायचं कधी आणि कोणाच्या मशीनवर.

आपण कापडाच्या बाजारात बसलोच आहोत तर तिथूनच घेऊ. आयएल म्हणजे थानातलं कापड. ते अंगावर घालता येत नाही, शिवावं लागते. डॉटनेटची नेहमीची पद्धत अशी की टेलर गिऱ्हाईकाच्या घरीच बसलेला आहे, त्याचं नाव जिट, म्हणजे जस्ट इन टाइम कंपायलर. प्रोग्राम चालू झाला की तो सगळं कापड शिवायला घेत नाही, जी मेथड पहिल्यांदा बोलावली जाते तेवढीच शिवतो. आतमध्ये प्रत्येक मेथडच्या जागी सुरुवातीला एक छोटासा दरवान बसवलेला राहतो, कोणी मेथडला हाक मारली की आधी दरवान भेटतो, तो जिटला उठवतो, जिट आयएल वाचून मशीन कोड तयार करून मेमरीत ठेवतो, आणि दरवानाच्या जागी त्या कोडचा पत्ता टाकून देतो. पुढच्या वेळी हाक मारली की सरळ तयार कोड चालतो. प्रोग्राम बंद झाला की हे सगळं शिवलेलं मेमरीतून पुसल्या जाते. उद्या परत पहिल्यापासून.

आता माझ्या प्रिंटवाल्या एक्सईचा विचार करा. तीनशे बिलं म्हणजे दिवसातून तीनशे वेळा तोच टेलर, तेच कापड, तेच माप, आणि शर्ट अंगात घातला की अर्ध्या सेकंदात फेकून द्यायचा. जुनं दोन कोअरचं मशीन, वरून बिलाची माहिती वाचायला एक जेसन लायब्ररी (जेसन म्हणजे माहिती मजकुरात लिहायची एक पद्धत), तिच्या शेकडो मेथड, त्या पण शिवायच्या. डॉटनेटच्या स्वतःच्या लायब्रऱ्या बऱ्यापैकी आधीच शिवून येतात हे खरं, पण आपला कोड आणि आपण बाहेरून ओढलेली पॅकेजेस तशी येतीलच असं नाही. मेन प्रोग्रामला हा त्रास का नव्हता ते पण इथेच कळते, तो सकाळी नऊ वाजता एकदा शिलाईचा वेळ देतो आणि मग दिवसभर तेच कपडे घालून फिरतो.

मग सगळंच आधी शिवून ठेवलं तर? हा विचार नवा नाही. २००२ मध्ये डॉटनेट फ्रेमवर्कची पहिली आवृत्ती आली तेव्हाच तिच्यासोबत एनजेन नावाचं टूल होतं. ते इन्स्टॉल करताना गिऱ्हाईकाच्याच मशीनवर आयएलचा मशीन कोड करून विंडोजच्या फोल्डरमध्ये जपून ठेवायचं. मी पण ह्या दुकानात जुनं सॉफ्टवेअर असताना हे केलेलं आहे. त्यात एक भानगड राहते, हा शिवलेला कोड डॉटनेटच्या त्या नेमक्या आवृत्तीला घट्ट चिकटलेला असतो, कारण कुठल्या ऑब्जेक्टमधलं कुठलं फील्ड कितव्या बाइटवर आहे हे त्यात पक्कं कोरलेलं राहते. विंडोज अपडेट आलं, डॉटनेटच्या आतली फाइल बदलली, की जुना शिवलेला माल बाद. मग मागे एक सर्व्हिस बसून सगळं परत शिवत राहते. टास्क मॅनेजरमध्ये एमएससीओआरएसव्हीडब्ल्यू असं विचित्र नाव वर येऊन सीपीयू खाताना ज्याने पाहिलं त्याला आठवेल. एकदा मे महिन्यात भर दुपारी काकांच्या मुलाने मला त्याचा फोटो पाठवला होता, दादा हा व्हायरस आहे का, डिलीट मारू का. मी म्हटलं हात लावू नको, टेलर आहे, काम संपलं की जाईल. तासाभरात गेला पण.

आणि एनजेन करूनही तेव्हा सकाळचं पहिलं चालू होणं फारसं सुधारलं नव्हतं, हे सांगणं मला गरजेचं वाटते कारण ह्या बाबतीत लोकं फसतात. मशीन बूट झाल्यावर प्रोग्राम पहिल्यांदा उघडतो तेव्हा जास्त वेळ जातो तो फाइली डिस्कवरून वाचण्यात, आणि शिवलेला कोड आयएलपेक्षा आकाराने मोठा राहतो, तो पण वाचा आणि सोबत आयएलवाली मूळ डीएलएल फाइल पण लागतेच. फिरती हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर जिट न चालल्याने जेवढ्या वेळाची बचत होते तेवढा डिस्कवरून फाइली वाचण्यातच जातो. त्या दुकानात खरा फरक पडला तो एसएसडी टाकल्यावर. म्हणून नेटिव्ह करायला घेण्याच्या आधी मोजा बाप्पा, वेळ डिस्क खाऊन राहिली, डेटाबेसचं कनेक्शन खाऊन राहिलं की खरंच जिट.

आधी शिवणं आणि ऐनवेळी शिवणं ह्यांच्यात हे जाणं-येणं तुमच्या खिशातल्या फोनमध्ये पण झालेलं आहे. २०१४ मध्ये अँड्रॉइड ५ आलं तेव्हापासून अॅप इन्स्टॉल करतानाच पूर्ण मशीन कोड करून ठेवायची पद्धत सुरू झाली, आणि मग प्रत्येक सिस्टम अपडेटनंतर अॅप्स ऑप्टिमाइझ होत आहेत, १२० पैकी ७, असा आकडा पाहत आपण सगळे बसलेलो आहोत. जागा पण भरपूर जायची. २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ मध्ये जिट परत आणलं, आधी चालू द्या, माणूस नेमकं काय वापरतो त्याची नोंद ठेवा, आणि फोन चार्जिंगला लावून पडलेला असला की तेवढाच भाग शिवून ठेवा. आयफोनवर तर पर्यायच नाही, तिथे साध्या अॅपला चालू असताना नवीन मशीन कोड तयार करून चालवायची परवानगी नाही, म्हणून सी शार्पमध्ये लिहिलेले गेम आणि अॅप तिथे पूर्ण आधी शिवूनच जातात.

आता जिटची बाजू, कारण त्याला नुसतं हळू म्हणणं अन्याय होईल. घरी बसलेल्या टेलरला दोन गोष्टी माहीत असतात ज्या रेडिमेडच्या कारखान्याला कधीच माहीत नसतात, समोरच्या माणसाचं माप आणि तो माणूस दिवसभर काय करतो. माप म्हणजे ही चिप नेमकी कोणती, तिच्यात पुष्कळ आकडे एका झटक्यात जोडायच्या नव्या सूचना आहेत का. रेडिमेडवाल्याला बहुतेक सगळ्यांना होईल असा साइज धरून शिवावं लागते.

दुसरी गोष्ट जास्त मजेची आहे. आजचं डॉटनेट एक मेथड दोनदा शिवते. पहिल्यांदा कच्चे टाके, पटकन, फार डोकं न लावता, म्हणजे प्रोग्राम लवकर उठेल. मग कोणती मेथड किती वेळा चालली ते मोजत बसते, आणि एखादी ३० वेळा बोलावली गेली की मागच्या थ्रेडवर तिची पक्की शिलाई सुरू होते, झाली की जुना पत्ता काढून नवा लावला जातो, चालणाऱ्याला कळत पण नाही. ह्याला टियर्ड कंपायलेशन म्हणतात, २०१९ च्या डॉटनेट कोअर ३ पासून ते आपोआप चालू राहते. आणि २०२३ च्या डॉटनेट ८ पासून पक्की शिलाई करताना कच्च्या टाक्यांच्या वेळी पाहिलेलं पण लक्षात घेतलं जाते.

माझ्याच कोडमधलं उदाहरण देतो. मेन प्रोग्राममध्ये प्रिंटरचा एक इंटरफेस, म्हणजे कोणत्याही प्रिंटरला काय काय यायला पाहिजे त्याची यादी, आहे आणि त्याचे तीन वेगवेगळे क्लास, थर्मल, डॉट मॅट्रिक्स आणि पीडीएफ. कोडमध्ये लिहिलंय नुसतं प्रिंटर डॉट लिहा, कोणता प्रिंटर ते चालताना ठरते, म्हणजे प्रत्येक वेळी टेबलमध्ये पत्ता शोधून उडी मारावी लागते. पण ह्या दुकानात फक्त थर्मल आहे. जिट पाहते की कितीतरी वेळा थर्मलच आला, मग पक्क्या शिलाईत ते थर्मलचा कोड सरळ आत घुसवून देते, आणि पुढे एक छोटा चेक ठेवते की थर्मलच आहे न, नसला तर जुन्या रस्त्याने जा. तसंच सुरुवातीला सेटिंगमधून एकदा वाचून स्टॅटिक रीडओन्ली फील्डमध्ये ठेवलेलं जीएसटी लावायचं की नाही, हे पक्की शिलाई करताना बदलणार नाही हे जिटला दिसते, तर तो इफ आणि त्याची न वापरलेली बाजू कोडमधूनच उडून जाते. आधी शिवून ठेवणाऱ्या कंपायलरला हे कुठून कळणार, त्याला हे दुकान माहीतच नाही. म्हणून दिवसभर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये जिट कित्येकदा पुढे निघून जाते, आणि नेटिव्ह म्हणजे फास्ट असं जे सरसकट म्हणतात ते मला पटत नाही.

मधला रस्ता पण आहे, त्याचं नाव रेडी टू रन. फाइलीत आयएल पण राहते आणि आधी शिवलेला मशीन कोड पण, रेडिमेड शर्टाच्या आत जास्तीचं कापड सोडलेलं राहते न तसं. चालू होताना शिवलेला घाला, नंतर जे अंगात सारखं राहते ते जिट उसवून मापाचं करून देईल. एनजेनसारखं ते डॉटनेटच्या छोट्या अपडेटने बाद होत नाही. फाइल दोन-तीन पट फुगते एवढंच. मेन प्रोग्रामला मी हेच लावलं, एक ओळ प्रोजेक्ट फाइलीत टाकायची, कोडला हात पण लावावा लागला नाही.

प्रिंटवाल्या एक्सईला मात्र मी पूर्ण नेटिव्ह एओटी केलं, एओटी म्हणजे अहेड ऑफ टाइम, सगळं आधीच शिवणं. हे २०२२ च्या डॉटनेट ७ पासून अधिकृतपणे मिळते, कन्सोल प्रोग्रामसाठी चांगलं बसते. ह्यात आयएल फाइलीत राहतच नाही, जिट पण नाही, सगळं आधीच मशीन कोड, एकच एक्सई, गिऱ्हाईकाच्या मशीनवर डॉटनेट टाकायची पण गरज नाही. साधा प्रोग्राम दीड-दोन एमबीत बसतो, जिथे पूर्ण डॉटनेट सोबत बांधून दिलं असतं तर साठ-सत्तर एमबी झाले असते. त्याच मशीनवर, त्याच स्टुलावर बसून परत मोजलं, अर्ध्या सेकंदाच्या आत पट्टी सरकायला लागली. तो पोरगा दोनदा प्रिंटरकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत राहिला.

इथे एक गैरसमज काढतो. नेटिव्ह झालं म्हणजे मॅनेज्ड राहिलं नाही असं नाही. मॅनेज्डचा अर्थ असा की मेमरीचा हिशोब आपण ठेवत नाही, रनटाइम ठेवतो. गार्बेज कलेक्टर, म्हणजे न लागणारी मेमरी मोकळी करणारा, त्या दीड-दोन एमबीत सोबतच बांधलेला आहे. त्याला कुठल्याही क्षणी प्रोग्राम थांबवून विचारता यावं लागते की आत्ता कोणत्या रजिस्टरमध्ये, स्टॅकवर कुठे ऑब्जेक्टचे पत्ते आहेत, म्हणून कंपायलर मशीन कोडसोबत तसे तक्ते पण लिहून ठेवतो. अॅरेच्या बाहेर हात घातला तर पकडणारे चेक पण तसेच राहतात, जिथे कंपायलरला खात्री पटते तिथलेच काढतो. नुसत्या सी भाषेच्या कोडसारखं ते होत नाही, आणि व्हायला पण नको.

किंमत कुठे मोजावी लागते, तर रिफ्लेक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्राम चालताना नावावरून क्लास किंवा त्याची फील्डं शोधण्यात. फाइल लहान ठेवायला कंपायलर मेन नावाच्या पहिल्या मेथडपासून सुरू करून कोण कोणाला बोलावते त्याचा माग काढत जातो, ज्याच्यापर्यंत पोचता येत नाही ते कापड टाकून देतो. पण माझ्या कोडमध्ये बिलाचा प्रकार सेटिंगमधल्या नावावरून निवडला जायचा, म्हणजे बिल ह्या शब्दाला होलसेल, रिटेल, उधारी असं जोडून क्लासचं नाव तयार करायचं आणि त्या नावाने क्लास शोधायचा. कंपायलरला दिसते काय, तर दोन स्ट्रिंगची बेरीज. उधारी बिलाचा क्लास कोणीच बोलावत नाही असं समजून त्याने तो फेकला. बिल्ड करताना पिवळ्या वॉर्निंग आल्या होत्या, मी वाचल्या नाहीत, चूक माझी. साधं बिल निघालं, उधारीचं बटण दाबलं आणि एक्सई तिथेच मेली. नशीब दुकान उघडायच्या आधी सकाळी तपासून राहिलो होतो. नेटिव्ह एओटीमध्ये ट्रिमिंगच्या, म्हणजे ह्या कापून टाकण्याच्या, वॉर्निंगला एररच समजा, एकही शिल्लक असताना माल पाठवू नका, एवढं तरी माझं ऐका.

जेसनचं पण तेच, लायब्ररी चालताना क्लासची फील्डं शोधत बसते. तिथे सोर्स जनरेटर वापरायचा, तो बिल्डच्या वेळी आपल्या क्लाससाठी वाचायचा-लिहायचा कोड आपणच लिहिल्यासारखा तयार करून देतो, मग चालताना शोधाशोध राहत नाही आणि कंपायलरला सगळं डोळ्यासमोर दिसते. चालताना नवीन कोड तयार करणाऱ्या लायब्रऱ्या मात्र इथे चालतच नाहीत, शिवणाराच नाही तर शिवणार कोण. आणि दोन गोष्टींनी माझा एक रविवार गेला त्या पण सांगून टाकतो, विंडोजवर ह्याला सी प्लस प्लसचा लिंकर, म्हणजे कोडचे तुकडे जोडून एक्सई करणारं टूल, लागतो, म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओत डेस्कटॉप सी प्लस प्लसवाला भाग टाकलेला पाहिजे, आणि विंडोजची एक्सई विंडोजवरच होते, लिनक्सची लिनक्सवर, आयएलसारखं एकदा करून कुठेही पाठवलं असं होत नाही.

कॉलेजची पोरं मला विचारतात, कोड चोरीला जाऊ नये म्हणून नेटिव्ह करायचं का. आयएल फोडून परत सी शार्प काढणं खूप सोपं आहे, फुकट टूल मिळतात, मेथडची नावं पण जशीच्या तशी येतात. नेटिव्ह केल्यावर ते बरंच अवघड होते पण अशक्य होत नाही, आणि पासवर्ड एक्सईत लिहिला असेल तर तो दोन्हीकडून सापडतो.

नावावरून क्लास शोधायचं काम मी आता काढून टाकून राहिलो, त्याच्या जागी साधा स्विच, प्रत्येक बिलाच्या प्रकाराला एक ओळ, म्हणजे कंपायलरला सगळे दिसतील. एकूण चौदा प्रकार आहेत. तेरा झाले. चौदावा जुन्या व्हॅटच्या काळातलं बिल परत छापायचा आहे, तो ठेवायचा की जाऊ द्यायचा हे कुठलाच कंपायलर सांगू शकत नाही, उद्या गांधीबागेत जाऊन काकांनाच विचारतो.